ज्याचं परमिट, त्याचाच आवाज

"नलूबाई, तुमी नका येऊ," भीमराज म्हणाला आणि लगेच चष्मा पुसायला लागला.

भीमराज ढोके म्हणजे वीज कामगारांच्या संघटनेचा जिल्ह्याचा अध्यक्ष. माणूस तसा खमक्या, साहेबाच्या टेबलावर मूठ आपटून बोलणारा. पण आपल्याच माणसाला वाईट सांगायची वेळ आली की याचा चष्मा मळतो.

"काहून?" नलूनं विचारलं.

"आमदार तुमच्यावर चिडून आहे न बाप्पा. काम त्याच्याकडूनच करून घ्याचं आहे. तुमी समोर दिसल्या तं थो भडकन."

"ताकाले जाऊन भांडं कायले लपवता, भाऊ? मेमो माझ्या नावाचा, भांडन माझं. मले घरी ठेवून तुमी त्याले काय सांगान? एक बाई आहे, पन ते दाखवत नाई, असं?"

भीमराजनं चष्मा परत डोळ्यांवर चढवला. वादात नलूपुढे कोणी टिकत नाही, हे त्याला एकोणीस वर्षांपासून माहीत होतं. रविवारी आमदाराच्या कार्यालयात तिघांनी जायचं ठरलं: भीमराज, नलू आणि लाईनमन देवसिंग आडे.

आता भांडण काय होतं ते आधी ऐका, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

नलू मुनेश्वर बोरखडीच्या वीज उपकेंद्रात ऑपरेटर. आर्णीहून बारा किलोमीटर आत, चारी बाजूंनी कपाशी आणि तूर, मधे तारेचं कुंपण, कुंपणात ट्रान्सफॉर्मर आणि एक खोली. त्या खोलीत नलूची खुर्ची, फोन आणि परमिटचं बुक. चौदा गावांची वीज तिच्या हातानं बंद होते, तिच्याच हातानं चालू होते. लाईनमनला खांबावर चढायचं असलं की तो आधी नलूला फोन करतो. नाव सांगतो, कोणती लाईन ते सांगतो, काम सांगतो. नलू लाईन बंद करते, बुकात वेळ टाकते आणि त्याला परमिटचा नंबर देते. मग दोघंही एकमेकांना सगळं परत म्हणून दाखवतात. शाळेतली पोरं पाढे म्हणतात तसं, शब्द न् शब्द. काम झालं, माणूस खाली उतरला, की तो पुन्हा फोन करून परमिट परत करतो, आणि तेव्हाच लाईन चालू होते.

यात एक गोष्ट देवाच्या नावासारखी पक्की. परमिट ज्यानं घेतलं, त्यानंच परत करायचं, स्वतःच्या आवाजात. त्याच्या बायकोनं सांगितलं, सरपंचानं सांगितलं, मोठ्या साहेबानं सांगितलं, तरी लाईन चालू होत नाही. कारण चूक झाली तर दुसरी संधी नसते. अकरा हजार व्होल्टची लाईन सॉरी म्हणू देत नाही.

ऑक्टोबरात देवसिंगनं सकाळी अकरा वाजता परमिट घेतलं. नंबर एकेचाळीस. बोरखडीच्या पुढे तुरीच्या शेतात खांबावरची चिनीमातीची चिमणी, म्हणजे तार धरणारा इन्सुलेटर, फुटली होती, ती बदलायची होती. त्याच लाईनवर पुढच्या गावात दुपारी बारा वाजता आमदार घनश्यामभाऊंच्या हातून सभामंडपाचं उद्घाटन होतं. बारा वाजले, लाईट नाही. माईक मुका, पंखे बंद, फेटे बांधलेली माणसं घामानं निथळून राहिलेली. आमदाराच्या पीएचा, प्रफुल्लचा फोन आला. मग उपअभियंता साहेबांचा आला.

"लाईन चालू करा. लाईनमन खाली उतरलाय, गावातल्या माणसानं चौकात चहा पिताना पाहिलाय."

"देवसिंगचा फोन आला नाई, साहेब."

"मी सांगतोय ना! माझा आदेश समजा."

"तुमी खांबावर नाई न, साहेब."

झालं! हे वाक्य नलूला महागात पडलं. देवसिंगचा फोन लागत नव्हता. साहेबाचा पाच वेळा आला, प्रफुल्लचा सात वेळा. प्रत्येक वेळी नलूनं तेच सांगितलं. लाईन चालू करायच्या ब्रेकरकडे ती फिरकली नाही. बारा पंचावन्नला एका अनोळखी नंबरवरून देवसिंग बोलला. त्याचा मोबाईल वरून खाली तुरीत पडून फुटला होता. काम संपवून, डांबरी रस्त्यापर्यंत चालत येऊन त्यानं एका दुचाकीवाल्याचा फोन मागितला होता. आणि चौकात चहा पीत होता तो मोबाईल टॉवरवाला. खाकी शर्ट होता, एवढंच.

म्हणजे बारा वाजता नलूनं साहेबाचं ऐकलं असतं, तर? जाऊ द्या. तो विचार देवसिंगची बायको गंगी आजही करत नाही. ती फक्त दर सोमवारी तांड्यावरून नलूसाठी ज्वारीच्या चार भाकरी पाठवते.

आणि कंपनीनं काय पाठवलं? मेमो. वरिष्ठांचा आदेश डावलला, लोकप्रतिनिधीच्या कार्यक्रमात व्यत्यय आणला, निलंबित का करू नये याचा खुलासा करा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. देवसिंग गेला असता तर चौकशी बसली असती, फुलं वाहिली असती, नलूचं बरोबर होतं असं दहा जणांनी म्हटलं असतं. माणूस जिवंत राहिला, म्हणून काही घडलंच नाही! वाचलेल्या माणसाचा पंचनामा कोण करतो?

तेवढ्यावर भागलं असतं तर नलू गप्प बसली असती. पण महिनाभरानं सेवा नियमांच्या बदलाचा मसुदा आला. त्यात एक ओळ होती: 'वरिष्ठ अधिकाऱ्याच्या दूरध्वनी आदेशावरून परमिट परत आले असे मानण्यात येईल.' पुढच्या ओळीत, असा आदेश नाकारणाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई.

"मानण्यात येईल!" नलू त्या दिवशी घरी येऊन नवऱ्यावर ओरडली, जणू धर्मपालनंच तो मसुदा लिहिला होता. "मानूस खाली उतरला असं मानाचं? उद्या म्हनतीन, मेला तरी जिता आहे असं मानाचं!"

धर्मपाल आर्णीत शिवणकाम करतो. त्यानं मशीन थांबवलं, तिला पाणी दिलं आणि म्हणाला, "मले सांगून काय होते? ज्याच्या हातात आहे त्याले सांग."

हिवाळी अधिवेशन तीन आठवड्यांवर आलं होतं. ऊर्जा खात्याच्या मंत्र्याला सभागृहात धरायचं तर आमदार पाहिजे, आणि या भागाचा आमदार घनश्यामभाऊ.

रविवारी कार्यालयात शंभर माणसं. कोणाचा रस्ता, कोणाची बदली, कोणाच्या पोरीचा दाखला. तिघांचा नंबर लागायला दीड वाजला. घनश्यामभाऊंनी मान वर केली, नलूला पाहिलं आणि हातातला पेन टेबलावर टाकला.

"ह्याच काय त्या? माहा माईक बंद पाडनाऱ्या?"

भीमराजचा हात चष्म्याकडे गेला.

"हाव भाऊ, मीच," नलू म्हणाली. "अन् हा देवसिंग. तुमचा माईक बंद होता तवा हा खांबावर होता." तिनं देवसिंगला दंडाला धरून पुढे ओढलं.

घनश्यामभाऊंनी मागे उभ्या प्रफुल्लकडे वळून पाहिलं. प्रफुल्ल भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता.

"मले तं सांगतलं, लाईनमन चौकात चहा पिऊन राह्यला."

"थो टॉवरवाला होता, भाऊ," देवसिंग म्हणाला. हा माणूस मुळात कमी बोलतो, दिवसभर वर एकटा असतो ना. "मी तुमच्या मांडवापासून सहा खांब अलीकडे होतो. तुमी बिनमाईकचे बोलले ते मले वर ऐकू येत होतं."

"काय बोल्लो होतो मी?"

"म्हनाले, शेवटच्या मानसापर्यंत वीज पोहोचवू."

खोलीत कोणीतरी फसकन हसलं. मग घनश्यामभाऊ स्वतःच हसले, पण हसू लवकर विरलं. त्यांनी देवसिंगच्या हातांकडे पाहिलं, खुर्ची मागवली आणि त्याला बसवलं. पंधरा मिनिटं त्यांनी नीट ऐकून घेतलं. मसुद्यातली ती ओळ दोनदा वाचली.

"ठीक आहे. अधिवेशनात मी बोलतो. समजा, तुमचं काम झालं."

भीमराजनं हात जोडले. देवसिंग उठला. एवढ्यावर निघायचं असतं, सगळी दुनिया निघते. आणि इथं नलूच्या तोंडून ते निघून गेलं. सवयीनं गेलं, एकोणीस वर्षांच्या सवयीनं, जसं रात्रंदिवस फोनवर म्हणायची तसंच.

"परत सांगा."

प्रफुल्लनं कॅलेंडर सोडलं. "बाई, कोणाशी बोलताय? भाऊंनी शब्द दिलाय!"

नलू मनातच म्हणाली, अरे देवा, हे काय बोलून बसलो आपण! पण बाण सुटला होता, आणि मागे हटणं तिच्या रक्तात नव्हतं. तिनं पिशवीतून वही काढली.

"भाऊ, राग नका मानू. आमच्यात 'काम झालं' असं कोनी म्हनलं तर आमी लाईन चालू करत नाई. काय झालं, कोन्या लाईनचं, कोनी केलं, ते पूर्न म्हनावं लागते. मंग आमी परत म्हनून दाखवतो. बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात असला की आमच्या धंद्यात मानूस जाते."

निवडून आल्यापासून बारा वर्षांत घनश्यामभाऊंना कोणी शब्द परत म्हणायला लावला नव्हता. बाहेरची माणसं दारातून माना घालून ऐकत होती. मग त्यांनी खाकरून घसा साफ केला आणि सभागृहात उभं राहिल्यासारखे ताठ बसले.

"मी घनश्याम. या अधिवेशनात लक्षवेधी सूचना मांडून सभागृहात उभा राहून बोलेन, की परमिट परत कराचा हक्क ज्यानं घेतलं त्याचाच राह्यला पाहिजे. ते 'मानण्यात येईल'वालं कलम काढलं पाहिजे. अन् त्यासाठी नाही म्हननाऱ्या कर्मचाऱ्यावर कारवाई होता कामा नये. बरोबर?"

नलूनं लिहिलं आणि जसंच्या तसं वाचून दाखवलं. घनश्यामभाऊंनी मान डोलावली. आता त्यांनाही गंमत वाटायला लागली होती.

"नंबर नाई देत का मंग?"

"नंबर एक," नलू म्हणाली. "अन् भाऊ, परत करताना तुमचाच आवाज पाहिजे. प्रफुल्लभाऊचा चालनार नाई."

बाहेर आल्यावर भीमराजनं रस्त्यावरच कपाळाला हात लावला. "नलूबाई, तुमाले सोबत आनाचं म्हनजे खिशात फटाका घेऊन चुलीजवळ बसनं आहे." पण चहाचे पैसे त्यानंच दिले, आणि समोसाही मागवला.

अधिवेशन लागलं. भीमराज धरून जिल्ह्यातले तेवीस जण नागपूरला धरणं द्यायला गेले. नलूला रजा मिळाली नाही. मेमोवाल्या माणसाला कोण रजा देतो? ती बोरखडीच्या खोलीत बसून होती. लक्षवेधी तिसऱ्या दिवशी, बुधवारी लागली होती.

बुधवारी दुपारी अडीचला भीमराजचा फोन आला. मागे घोषणा, ढोलकी, हसण्याचा गलका.

"नलूबाई, झालं! जिंकलो आपन! घनश्यामभाऊ बोलले, मंत्र्यानं मान्य केलं. आमी मांडव गुंडाळून राह्यलो, पाच वाजता आपली गाडी काढतो."

नलूच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिनं पदराचं टोक तोंडाशी नेलं आणि तिथेच थांबली.

"कोनी सांगतलं?"

"प्रफुल्ल स्वतः येऊन सांगून गेला न."

"घनश्यामभाऊंचा आवाज ऐकला तुमी?"

"नलूबाई, आता काय इथंबी..."

"ऐकला का, भीमराजभाऊ?"

पलीकडे ढोलकी वाजत राहिली. "नाई," भीमराज म्हणाला.

"मंग परमिट परत आलं नाई. उठू नका."

आता भीमराज चिडला. चिडणारच. तीन दिवस थंडीत बसलेली माणसं, घरी जायचं म्हणून हरखलेली, त्यांना परत बसा म्हणायचं? तेही बोरखडीहून एक बाई सांगते म्हणून? हे उंटावरून शेळ्या हाकणं झालं, असं तो तोंडावर म्हणाला. नलूनं ऐकून घेतलं. तिला माहीत होतं, आपण खोटे ठरलो तर हीच माणसं आयुष्यभर चिडवतील.

"देवसिंगले द्या फोन."

देवसिंगनं पूर्ण ऐकलं. मग फोन कानाला तसाच ठेवून तो मांडवात खाली बसला, सतरंजी अर्धी गुंडाळलेली होती तिच्यावरच. नलूला त्याचा आवाज ऐकू आला, तिच्याशी नाही, बाकीच्यांशी बोलत होता.

"मी नाई उठत. त्या दिवशी सगळे म्हनत होते देवसिंग खाली आहे. मी वर होतो."

एवढंच बोलला. पण तेवीस जणांत खांबावर न चढलेला एकही नव्हता. ढोलकी थांबली. कोणीतरी सतरंजी परत उलगडली. भीमराजनं फोन घेतला आणि म्हणाला, "बसलो, माय. आता तूच पाह्य."

दहा मिनिटांत प्रफुल्लचा फोन बोरखडीला आला.

"बाई, तुमची माणसं उठत नाहीत! सांगा त्यांना, काम झालंय."

"भाऊंना द्या फोन."

"भाऊ सभागृहात आहेत."

"अजून आतच आहे? मंग बोलले कवा?"

प्रफुल्ल अडखळला. "अहो, बोलल्यातच जमा आहे. शेवटी लागलाय विषय, संध्याकाळपर्यंत होईल. वरून निरोप आलाय, धरणं उठलं तर सगळ्यांना सोपं जाईल. झालं असंच समजा ना."

झालं असं समजा! नलूला वाटलं, मसुद्यातली ती ओळ उठून हातात फोन धरून बोलते आहे.

"प्रफुल्लभाऊ," ती शांतपणे म्हणाली, "ऑक्टोबरात तुमी मले सात फोन केले. आजचा आठवा. तवाही मानूस वरच होता."

तिनं फोन ठेवला आणि लॉगशीटवर तीन वाजताचे आकडे भरले.

नंतर काय झालं ते तिला संध्याकाळी कळलं. चार वाजता मंत्र्यांच्या बाजूचं कोणीतरी घनश्यामभाऊंच्या बाकाजवळ आलं. "तुमची माणसं समाधानानं घरी गेली म्हणे. मग विषय कशाला मांडता, पुढच्या अधिवेशनात पाहू," असं सांगून गेलं. घनश्यामभाऊ उठले आणि थेट मांडवात आले. पाहतात तर तेवीसच्या तेवीस जागेवर. देवसिंगनं त्यांना सगळं सांगितलं. प्रफुल्लला त्यांनी तिथे काय ऐकवलं ते भीमराज अजून रंगवून सांगतो, पण बायामाणसांसमोर नाही. तिथून भाऊ तडक परत सभागृहात गेले.

पाच बेचाळीसला फोन वाजला.

"मी घनश्याम बोलतो. परमिट नंबर एक."

नलू खुर्चीवरून उभी राहिली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

"बोला भाऊ."

"मी आज सभागृहात उभा राहून लक्षवेधी मांडली. परमिट परत कराचा हक्क ज्यानं घेतलं त्याचाच राहावा, ते कलम काढावं, अन् नाही म्हननाऱ्यावर कारवाई होऊ नये, हे तिन्ही बोललो. मंत्री म्हनाले, कलम काढतो, बोरखडीचा मेमो मागे घ्यायले सांगतो."

नलूनं भाऊ स्वतः जे बोलले तेवढं वाचून दाखवलं. मंत्र्यांचं वाक्य सोडलं.

"मंत्र्यांचं थांबलं काहून?"

"ते परमिट मंत्र्यांचं आहे, भाऊ. त्यांची सही आली की लिहीन."

घनश्यामभाऊ इतके मोठ्यानं हसले की नलूला फोन कानापासून लांब धरावा लागला. मग त्यांचा आवाज बदलला.

"नलूबाई, सात फोनांतले चार त्या दिवशी मीच कराले लावले होते. मले कोनी सांगतलं नाई की मानूस वर आहे, हे खरं. पन मी विचारलंबी नाई." पुढे ते म्हणाले, "सभागृहात आमी मेलेल्या मानसांची नावं घेतो, उभं राहून. आज मी एका जित्या मानसाचं घेतलं. देवसिंग आडे, मुक्काम बोरखडी तांडा. नोंद झाली."

नलूनं वेळ टाकली, पाच सत्तेचाळीस.

ती खाली बसते न बसते तोच फोन पुन्हा वाजला. या वेळी आवाज विचारायची गरज नव्हती.

"नलूबाई, मी देवसिंग आडे. सतरंज्या उचलल्या, बॅनर काढलं, तेवीसच्या तेवीस मानसं मोजून गाडीत बसली. मागे कोनी राह्यलं नाई. निघू का?"

नलूनं परत म्हणायला सुरुवात केली, सतरंज्या उचलल्या, बॅनर काढलं, आणि 'तेवीसच्या तेवीस'वर अडखळली. देवसिंग थांबून राहिला. पूर्ण ऐकल्याशिवाय तो निघणार नव्हता. तिनं डोळे पुसले आणि पहिल्यापासून परत म्हटलं.

"तेवीसच्या तेवीस मानसं गाडीत. मागे कोनी राह्यलं नाई. निघा, देवसिंगभाऊ."